पाठमोरा

गॅलरीतल्या दोरीवर नातवाची पिवळी जर्सी वाळते आहे. पाठीवर हिरवा १०. स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याशी घासाघीस करून घेतलेली. दोन धुण्यांतच दहातल्या शून्याची कड सुटायला लागली. तिच्या शेजारी माझी शाल. ३० नोव्हेंबरला बँकेतून निवृत्त झालो तेव्हा खांद्यावर घातलेली. शाल धुवायची नसते, तिला नुसतं ऊन दाखवायचं असतं, असं बायको म्हणते. श्रीफळाच्या दुसऱ्याच दिवशी वड्या झाल्या.

३६ वर्षं या वेळी मी काउंटरमागे असायचो. आमच्या गॅलरीत सकाळी अकराला ऊन कुठवर येतं, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. तुळशीपर्यंत येतं. मग समोरच्या नव्या टॉवरची सावली पडते आणि बोरीवलीतला डिसेंबर संपतो.

निरोप समारंभात चौघं बोलले आणि चौघंही ‘सेकंड इनिंग’ म्हणाले. आपल्याकडे माणसाला निरोप द्यायचा तो क्रिकेटच्याच भाषेत. मी मान डोलावली, पेढा खाल्ला. पण मी कुठे क्रिकेट खेळलो? शाळेपासून फुटबॉल खेळलो, आणि फुटबॉलमध्ये दुसरी इनिंग नसते. दुसरा हाफ असतो. तो पहिल्याच पायांनी खेळावा लागतो, आणि सगळ्यांना तो पुरता मिळतोच असंही नाही.

झेंडूच्या हारात मान अडकलेली असताना मला आठवला ख्रिस्तियानो ज्युनियर. ब्राझीलचा फॉरवर्ड, गोव्याच्या डेम्पो क्लबचा. माझी त्याची ओळख नाही, मी त्याला मैदानावर कधी पाहिलंही नाही. पण निवृत्ती हा शब्द माइकवरून चौथ्यांदा ऐकला आणि तो डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याच्या वाट्याला निवृत्ती आलीच नाही. ती घेतली त्याच्या जर्सीने.

*

निवृत्ती या शब्दात ‘वृत्’ आहे. वृत् म्हणजे वळणं, फिरणं. प्रवृत्ती म्हणजे पुढे वळणं, निवृत्ती म्हणजे मागे वळणं, परतणं. आमच्या मराठीच्या सरांनी हे फळ्यावर लिहून दिलं होतं, आणि तेच सर संध्याकाळी शिट्टी घेऊन आम्हाला मैदानावर पळवायचे, म्हणून मला व्याकरण आणि फुटबॉल कायम एकमेकांत मिसळलेलेच आठवतात. १९७० च्या दशकातलं बोरीवली. लिंक रोड झालेला नव्हता. एक्सरकडे भाताची खाचरं होती आणि पावसाळ्यानंतर मैदान वाळलं की गुरांच्या खुरांचे खड्डे तसेच कडक होऊन राहायचे. चेंडू त्यात पडला की कुठे उसळेल याचा नेम नसे. आम्ही त्यालाच ड्रिब्लिंग समजत होतो.

मला सरांनी फॉरवर्ड केलं. फॉरवर्ड म्हणजे पुढचा, सगळ्यात पुढे पळणारा, असं मला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गोलकडे पाठ करून उभं केलं. म्हणाले, “फॉरवर्डचा अर्धा जन्म असाच जातो. चेंडू येतो आपल्या बाजूने, गोल असतो मागे. तू गोल बघायचा नाहीस. पाठीने ओळखायचा.” मग ते माझ्या मागे उभे राहिले, पंजा माझ्या दोन खांद्यांच्या मध्ये ठेवला आणि पुढच्या मुलाला पास द्यायला सांगितलं. पाठीला हात लागलेला असेल तर चेंडू थांबवून परत द्यायचा. हात सुटला की वळायचं. दिवसातून पन्नास वेळा. आठवड्याने हात नसतानाही पाठीला कळायला लागलं की तिथे कुणी आहे की नाही.

मैदानावर दोन हाका असतात. ‘मॅन ऑन’ म्हणजे पाठीवर माणूस आहे, सांभाळ. ‘टर्न’ म्हणजे कुणी नाही, वळ. मुंबईत कुठल्याही मैदानावर जा, पोरं मराठीत भांडतील, हिंदीत शिव्या देतील, पण या दोन हाका अशाच. पाठमोऱ्या माणसाला स्वतःच्या मागचं दिसत नाही, म्हणून दुसऱ्याने त्याचे डोळे व्हायचं. फॉरवर्डचं सगळं कौतुक त्या वळण्याचं असतं. तो वळतो तेव्हाच त्याला गोल पहिल्यांदा दिसतो, आणि त्या अर्ध्या सेकंदासाठी तो अर्धा जन्म पाठमोरा काढतो.

ज्ञानदेवांच्या थोरल्या भावाचं नाव निवृत्ती. तिघा धाकट्या भावंडांनंतर, सगळ्यात शेवटी, त्र्यंबकेश्वराला तो समाधिस्थ झाला असं सांगतात. धाकट्यांना पुढे जाताना ज्याने पाहिलं, त्याचं नाव निवृत्ती. लहानपणी मला हे नाव म्हातारं वाटायचं. आता कळतं की त्या नावाच्या माणसाला सगळ्यांत जास्त वेळ उभं राहावं लागलं.

*

आमच्या घरापासून चालत गेलं की मंडपेश्वरची लेणी. आत शिवाचं स्थान, आणि वर, डोंगराच्या डोक्यावर, पोर्तुगीजांनी बांधलेल्या मठाचे उघडे पडलेले दगड. पोर्तुगीज वसईत आले १५३४ मध्ये. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये. मधल्या दोनशे वर्षांत या डोंगरावर पोर्तुगीज भाषेत प्रार्थना होत होत्या. ती भाषा इथून गेली, पण आडनावं मागे ठेवून गेली. आमच्या गल्लीत डिसोझा आहेत, परेरा आहेत, डिलिमा आहेत. घरात मराठी बोलतात, लग्नात उमराचं पाणी आणतात, आणि रविवारी आय. सी. कॉलनीच्या चर्चमधून परतताना कोपऱ्यावरच्या ईस्ट इंडियन बाई बोंबलाचा भाव करतात.

१५०० मध्ये काब्राल नावाचा पोर्तुगीज दर्यावर्दी हिंदुस्थानला यायला निघाला. समुद्रात खूपच पश्चिमेला गेला आणि त्याला जी जमीन लागली ती ब्राझील. तिथून पुन्हा वळून तो कालिकतला आला. म्हणजे ब्राझील युरोपला सापडला तो आपल्याकडे यायच्या वाटेवर. पाचशे वर्षांनी ब्राझीलचे फुटबॉलपटू गोव्यात आणि कोलकात्यात पोटासाठी येऊ लागले, तेव्हा ते तीच जुनी वाट चालत होते.

ख्रिस्तियानोचं पूर्ण नाव ख्रिस्तियानो सेबास्तियाओ डी लिमा ज्युनियर. डी लिमा. आमच्या गल्लीतल्या नामफलकावर ते एका शब्दात लिहितात, एवढाच फरक.

तो आधी आला ईस्ट बंगालकडे. २००३-०४ च्या राष्ट्रीय लीगमध्ये ईस्ट बंगाल विजेता झाला आणि सगळ्यांत जास्त गोल होते याचे. दुसऱ्या हंगामाला डेम्पोने त्याला गोव्यात आणलं. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो, सोबतीला बेतो हा त्याच्याच देशाचा खेळाडू. गोव्यात त्याला परकं वाटलं नसावं, असं मला उगाचच वाटतं. पणजीत जुन्या दारांवरची नावं त्याला वाचता आली असतील. चर्चमधले सगळे संत ओळखीचे. मासे ओळखीचे. फक्त चेंडूपर्यंत पोचल्यावर बचावपटू जास्त जोरात आदळतो हे नवीन असेल.

*

५ डिसेंबर २००४, रविवार. बंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपची अंतिम लढत, डेम्पो विरुद्ध मोहन बागान.

त्या दिवशी मी दादरला होतो. ५ डिसेंबरचं दादर ज्याने पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. विदर्भ-मराठवाड्यातून गाड्या भरभरून येत होत्या. पांढरी लुगडी, निळे झेंडे, डोक्यावर पिशव्या, कडेवर पोरं. सगळी गर्दी चैत्यभूमीच्या दिशेने. मी एकटाच उलट निघालो होतो, बोरीवली लोकलमध्ये बसायला चक्क जागा मिळाली. खिडकीतून समोरून येणाऱ्या गाड्या बघत घरी आलो. जेवलो, झोपलो.

बातमी कळली सोमवारी सकाळी, ८.१७ ला. माझ्या हातात पेपर नव्हता. पुढच्या माणसाच्या हातात होता, लोकलमध्ये धरायचा तसा चार घड्या केलेला. त्याच्या खांद्यावरून मला क्रीडापानाचा एक चतुर्थांश दिसत होता. ख्रिस्तियानोने दोन गोल केले होते. डेम्पो २-० ने जिंकला होता. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची धडक झाली. चेंडू जाळ्यात गेला आणि तो मैदानावर पडला. सोबत्यांनी छातीवर दाब देऊन, तोंडाने श्वास देऊन पाहिलं. इस्पितळात नेलं. वय २५.

त्यापुढचं वाचायच्या आत त्या माणसाने पान उलटलं.

गोरेगाव आलं, जोगेश्वरी आलं. मी त्याच्या पाठीकडे बघत उभा होतो. ‘जरा मागचं पान दाखवता का’ एवढं विचारायचं होतं, पण लोकलमध्ये खांद्यावरून वाचणाऱ्याला मागणी करायचा हक्क नसतो. अंधेरीला गर्दीने आम्हाला वेगळं केलं. राहिलेली बातमी मी बँकेत जाऊन वाचली, पासबुकांची रांग सुरू व्हायच्या आत. कारण हृदय बंद पडणं. मैदानावर वैद्यकीय मदत कशी होती यावर पुढे बरेच दिवस टीका होत राहिली, चौकशी झाली. फुटबॉलच्या महासंघापासून ते चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी काय करायला हवं होतं ते सांगितलं.

मी मात्र अजून त्या एका गोलपाशी अडकतो. फॉरवर्डचा शेवटचा गोल कुठला, हे एरवी त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. तो करतो, हात वर करतो, मध्यावर परततो, आणि वर्षा-दोन वर्षांनी लक्षात येतं की अरे, तोच शेवटचा होता. याला तो चेंडू आत गेलेला दिसला का? पेपरात ते नव्हतं. ते कुणाला विचारणार? एका दिशेला चेंडू गेला, दुसऱ्या दिशेला तो. आणि मागून ‘मॅन ऑन’ म्हणून ओरडायला कुणाला वेळ मिळाला नाही. शिवाय त्या वेळी माणूस पाठीवर नव्हता, समोर होता.

त्या समोरच्या माणसाचंही वय पाहा. गोलरक्षक अजून विशीतही पोचलेला नव्हता. त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, मी ते इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा नकळत निकाल द्यायला बसतो. तो मुलगा खेळत राहिला. त्या दिवसानंतर पुढच्या सामन्याला हातमोजे चढवताना त्याला काय वाटलं असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पुढे भारताच्या गोलमध्ये तो वर्षानुवर्षं उभा राहिला. २०११ मध्ये दोह्याला आशिया कप झाला, तेव्हा भारताचे सामने मी टीव्हीवर पाहिले. चेंडूमागून चेंडू येत होते आणि तो आडवा पडून अडवत होता. सगळे वाहवा करत होते. मला प्रत्येक वेळी, समोरून फॉरवर्ड धावत आला की, क्षणभर डोळे मिटून घ्यावेसे वाटायचे.

*

डेम्पोने १० नंबर निवृत्त केला. पुन्हा कुणाला दिला नाही. त्याच हंगामात, २००४-०५ मध्ये, राष्ट्रीय लीग जिंकली. पुढच्या सात वर्षांत आणखी चार वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं, आणि प्रत्येक वेळी मैदानावर उतरणाऱ्यांत नऊ होता, अकरा होता, मधला एक नव्हता.

आपल्याकडे घरात कुणी गेलं की त्याचं ताट काही दिवस वाढतात. मग एक दिवस ताट मांडणीवर जातं आणि पाहुणे आले की पुन्हा वापरात येतं. यात निर्दयपणा काही नाही, घरं अशीच चालतात. डेम्पोने ताट उचललं, पुसलं, आणि परत कुणाला वाढलं नाही. मला वाटतं, ज्याला निवृत्त होता आलं नाही त्याला दिलेली ती निवृत्तीच होती. शाल नाही, श्रीफळ नाही, भाषण नाही. नुसती एक रिकामी जागा, जिच्याजवळून दर सामन्याला अकरा माणसं पळत गेली.

मग २०१६ मध्ये डेम्पोसह गोव्याच्या तीन क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. त्या वर्षी माझ्या मनात आलं ते असं की आता तो निवृत्त आकडा कोण सांभाळणार? आकड्याला एकटं ठेवायलासुद्धा आजूबाजूला बाकीचे दहा लागतात.

*

गल्लीतल्या एका म्हाताऱ्या अंकलनी मला नेव्हिल सांगितला. नेव्हिल डिसोझा, मूळचा गोव्याचा, मुंबईचा फॉरवर्ड. अंकल तरुणपणी कूपरेजवर खेळ बघायला जायचे, परतीला चर्चगेटहून शेवटची गाडी. त्यांना तीन आकडे जपमाळेसारखे पाठ होते. नऊ, तेहतीस, पन्नास. १ डिसेंबर १९५६, मेलबर्न ऑलिंपिक, यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिलने या मिनिटांना तीन गोल केले. भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई, आणि उपांत्य फेरीत पोचणारा भारत पहिला आशियाई संघ. प्रशिक्षक हैदराबादचे रहीमसाहेब, कप्तान बद्रू बॅनर्जी. ४ डिसेंबरला युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल पुन्हा नेव्हिलचाच. मग चार खाल्ले. स्पर्धेत त्याचे चार गोल, सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत त्याचं नाव.

पुढच्या तारखा मी स्वतः जुळवल्या. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेब गेले. त्याच दिवशी मेलबर्नला भारताने पाकिस्तानला हरवून हॉकीचं सुवर्ण घेतलं. ७ डिसेंबरला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, दादरच्या चौपाटीपर्यंत माणसांचा समुद्र. आणि त्याच दिवशी तिकडे नेव्हिलचा संघ ब्राँझपदकासाठी बल्गेरियाशी खेळला, ०-३ ने हरला. त्या आठवड्यात मुंबईला फुटबॉलकडे बघायला सवड नव्हती. तिला त्याचा दोष देता येत नाही. काही दुःखं एवढी मोठी असतात की त्यांच्या सावलीत दुसरं काही उगवत नाही, आनंदसुद्धा.

नेव्हिल टाटाकडून खेळला, कॅल्टेक्सकडून खेळला. त्या काळी मुंबईचा फुटबॉल कंपन्यांच्या हजेरीपटावर चालायचा. सकाळी टेबल, दुपारनंतर सुट्टी, संध्याकाळी मैदान, महिन्याला पगार. १९५८ चा रोव्हर्स कप कॅल्टेक्सने जिंकला. आज कॅल्टेक्स म्हटलं तर माझ्या मुलीला ते औषधाचं नाव वाटतं. ती कंपनीच १९७८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये मिळून गेली. रोव्हर्स कपही बंद झाला. नेव्हिल १६ मार्च १९८० ला गेला, वय ४७.

अंकल हे सांगताना एकदा उठून उभे राहिले होते. जिन्याच्या कठड्याला एक हात, पायात स्लिपर. गोलकडे पाठ करून चेंडू कसा घ्यायचा ते दाखवायला डावा खांदा खाली झुकवला आणि उजव्या टाचेवर फिरले. पाऊण फेरा झाला. मग कठडा पकडून हसले, म्हणाले, “बाकीचा तू समजून घे.” अंकल जाऊन बरीच वर्षं झाली. वांद्र्याला रेक्लमेशनजवळ नेव्हिलच्या नावाचं फुटबॉलचं मैदान आहे. तिथे कृत्रिम हिरवळीवर पोरं खेळत असतात. कधी त्या बाजूला गेलो की मी क्षणभर जाळीपाशी थांबतो आणि उरलेला पाव फेरा मनातल्या मनात पुरा करतो.

*

निवृत्तीचेही किती प्रकार. नेव्हिलहून वर्षाने लहान होता ब्राझीलचा गॅरिंचा. दोन्ही पाय वाकडे, आणि त्याच पायांवर १९५८ आणि १९६२ चे दोन विश्वचषक. खेळ संपला आणि त्याला घरी परतायची वाट सापडली नाही. दारूत, विपन्नावस्थेत, १९८३ मध्ये ४९ व्या वर्षी गेला. आणि पेलेचं पाहा. २४ सप्टेंबर १९७७ ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर तो मोहन बागानविरुद्ध खेळला, २-२. मी तेव्हा शाळेत होतो, पेपरातला फोटो कापून भूगोलाच्या वहीत चिकटवला होता, ब्राझीलच्या नकाशाच्या समोर. पुढच्याच आठवड्यात, १ ऑक्टोबरला, अमेरिकेत त्याने शेवटचा सामना खेळला. अर्धा वेळ तिथल्या कॉसमॉस क्लबकडून, अर्धा वेळ आपल्या जुन्या सांतोसकडून. पाऊस पडत होता. दोन्ही घरांचा एकदम निरोप घ्यायचं भाग्य किती जणांना मिळतं? सासर-माहेर दोन्हीकडची ओटी एकाच दिवशी भरली जावी, तसं ते.

आणि होझे बार्रेटो. पोर्तो अलेग्रेचा. १९९९ मध्ये मोहन बागानला आला. मधल्या काळात आमच्या मुंबईत महिंद्र युनायटेडकडून खेळला. महिंद्रने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि चारच वर्षांनी, २०१० मध्ये, क्लब बंद केला. बार्रेटो तोवर कोलकात्याला परतला होता. तिथले लोक त्याला ‘सबुज तोता’ म्हणायचे, हिरवा पोपट. हिरव्या-मरून जर्सीत दोनशेहून जास्त गोल. मे २०१२ मध्ये त्याने मोहन बागानचा निरोप घेतला. पुढे मुंबईच्या परिसरात राहून मुलांच्या फुटबॉलच्या कामाला लागला. म्हणजे तो वळला, आणि वळल्यावर त्याला समोर काहीतरी दिसलं.

ज्या वयात आपल्याकडे माणसाला बोरीवलीत वन-बीएचकेचं कर्ज मंजूर होतं, त्या वयात फॉरवर्ड म्हातारा होतो. इतकी वर्षं मला त्याची कीव यायची. पस्तिशीत संपतं बिचाऱ्याचं, असं मी म्हणायचो. आता हार उतरवून घरी बसल्यावर वाटतं की मी चुकीच्या माणसाची कीव करत होतो. गुडघे कुरकुरणं, जुन्या सामन्याचा स्कोअर चुकीचा सांगून मित्रांशी भांडणं, पोट सुटणं, नव्या पोरांना ‘आमच्या वेळी’ म्हणून पिडणं, हे सगळं त्या पंचवीस वर्षांच्या मुलाचं येणं होतं. त्याचं त्याला मिळायला हवं होतं. मला मिळालं, आणि मी तोंड वाकडं करून त्याच्या वड्या खाल्ल्या.

*

संध्याकाळी नातू म्हणाला, “आजोबा, खाली चला ना, पास द्यायला कुणी नाही.”

आमच्या सोसायटीत खेळायला जागा म्हणजे दोन रांगांत लावलेल्या गाड्यांच्या मधली गल्ली. वॉचमनने नेहमीसारखं ‘काच फुटली तर’ म्हटलं. गोल ठरला स्कूटर आणि पाण्याच्या टाकीच्या मध्ये. मी म्हटलं, मी फॉरवर्ड. तो हसला. त्याला दोन हाका शिकवल्या आणि स्कूटरकडे पाठ करून उभा राहिलो.

चेंडू आला. पन्नास वर्षांनी पाठीने विचारलं, मागे कुणी आहे का? पाठीला काही कळलं नाही. दोन खांद्यांच्या मधली ती जागा, जिथे सरांचा पंजा असायचा, नुसती घामेजली.

“टर्न, आजोबा! टर्न!”

डावा खांदा झुकवला, उजव्या टाचेवर फिरलो. गुडघा बोलला, पण फेरा पुरा झाला. चेंडू मात्र माझ्यासाठी थांबला नाही. पायाला चाटून सरळ मारुतीच्या खाली गेला, आणि नातू पोटावर झोपून हात घालून तो शोधायला लागला.

मी तिथेच उभा राहिलो. वळल्यावर समोर स्कूटर होती, टाकी होती, आणि वर तिसऱ्या मजल्याची आमची गॅलरी. शाल आत नेलेली होती. जर्सी अजून दोरीवर होती, उलटी, बाह्या खाली. खाडीकडून वारा आला की ती दोरीवर फिरायची. छाती दिसायची, मग पाठ. दहा दिसायचा, जायचा, दिसायचा.